भरतकामातल्या दोऱ्याची टोकं: सुरुवात, शेवट आणि मधली जोडणी

तीन-चार धुण्यांनंतर रुमालावरचं फूल सुटायला लागलं, की आधी रुमाल उलटा करून पाहा. टाके शाबूत असतात, दोरा कुठे तुटलेला नसतो. फक्त एक टोक मोकळं होऊन बाहेर आलेलं असतं आणि त्याच्यामागे एकेक टाका निघत चाललेला असतो. नक्षी सुबक, रंगसंगती छान आणि शेवटी घाईघाईत मारलेली गाठ, हे संक्रांतीच्या वाणाच्या रुमालांपासून रुखवतातल्या आसनापर्यंत सगळीकडे दिसतं.

इंदुरात या चुकीचा फटका जास्त बसतो, कारण इथे भरतकामासाठी हाताशी असतं ते कापडच नाजूक. महेश्वर जेमतेम 90 किलोमीटरवर. शीतलामाता बाजारातून महेश्वरी किंवा चंदेरीची ओढणी आणायची आणि तिच्यावर बुट्टे भरायचे, ही घरोघरची गोष्ट. महेश्वरीच्या ताण्याला रेशीम आणि बाण्याला सूत असतं, तिचे काठ दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, म्हणून ती उलटसुलट कशीही नेसता येते. चंदेरी तर आरपार दिसते. अशा कापडावर मागची गाठ, लोंबणारं टोक, या फुलातून त्या फुलात ओढलेला दोरा, काहीही लपत नाही.

खालचा क्रम पाळायचा आहे. टोक कुठे दडवायचं, हे सुई कापडात घालण्याआधी ठरवावं लागतं. सगळं भरून झाल्यावर टोकांकडे पाहू म्हटलं, की दडवायला जागाही उरत नाही आणि दोराही.

1. सुई टोचण्याआधी

दोरा. बाजारातल्या अँकर किंवा डीएमसीच्या सुती लडीत 8 मीटर दोरा असतो आणि तो सहा पदरी असतो. एका वेळी 45 सेंमीच कापा, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. सारखं ओवावं लागतं म्हणून याहून खूप लांब दोरा घेतात, पण प्रत्येक टाक्याला तो अख्खा कापडातून घासत जातो. शेवटची वीतभर उरेपर्यंत तो झिजून केसाळ झालेला असतो, आणि टोक पक्कं करायचं असतं ते नेमकं त्याच वीतभर दोऱ्याने. जरीचा किंवा चमकी दोरा 30 सेंमीपेक्षा जास्त घेऊ नका.

पदर एकेक करून वर ओढून काढा आणि मग हवे तेवढे पुन्हा एकत्र धरा. दोन पदर एकदम ओढले की उरलेल्यांचा गुंता होतो. शिवाय पीळ तसाच राहतो, आणि पिळलेला दोरा टाक्याखाली सपाट बसत नाही.

सुई. भरतकामाच्या सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. एक-दोन पदरांना 9 नंबर, तीन पदरांना 7, सहा पदरांना 5. याशिवाय बोथट टोकाची एक सुई जवळ ठेवाच. टोक टाक्यांखालून सरकवताना टोकदार सुई दोरा चिरत जाते, बोथट सुई अलगद खालून निघते. टोकं पक्की करण्यासाठी ही एवढीच खास वस्तू लागते, तेव्हा तिच्यात कंजुषी नको.

रंग. लाल, मरून, काळा, गडद निळा हे दोरे आधी तपासा. दोऱ्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या सुती चिंधीत ठेवून वरून गरम इस्त्री दाबा. चिंधीवर डाग उमटला तर तो दोरा फिक्या कापडावर नको. टोकं टाक्यांखाली दुहेरी होतात, तिथे रंगही दुप्पट असतो आणि पहिला डाग तिथेच पडतो.

*तपासा:* कापड ताणून धरणाऱ्या रिंगमध्ये ते बसवलं की त्यावर बोटाने टिचकी मारा. डफासारखा आवाज यायला हवा. ढिल्या कापडावर टोक ओढून घेतलं की तिथे चुणी पडते, आणि ती इस्त्रीनेही जात नाही.

2. गाठ कुठे चालते, कुठे नाही

गाठीला सरसकट वाईट म्हणणं बरोबर नाही. अस्तर लागणार आहे, कापड जाड आहे, मागची बाजू कायमची बंद होणार आहे, तिथे बारीक गाठ खुशाल मारा. उशीच्या अभ्र्यावर, ओढणीवर, साडीवर, रुमालावर, झबल्यावर मात्र नको. विरळ विणीतून गाठ ओढीसरशी सुलट्या बाजूला निघून येते. इस्त्री केली की वरून तिचा टेंगूळ दिसतो. पुढचा दोरा तिच्यात अडकून गुंततो. आणि ती सुटली तर तिच्यापाठोपाठ सगळी ओळच मोकळी होते.

3. सुरुवातीचं टोक: चार रीती

*अ) सुलट्या बाजूची तात्पुरती गाठ.* दोऱ्याच्या टोकाला गाठ मारा. ज्या रेषेवर टाके घालायचे आहेत, तिच्यावरच सुरुवातीच्या बिंदूपासून 3 सेंमी पुढे सुई सुलट्या बाजूने खाली घाला, म्हणजे गाठ वर राहील. मग सुई सुरुवातीच्या बिंदूतून वर काढा आणि गाठीच्या दिशेने टाके घालत या. मागे पसरलेला दोरा प्रत्येक टाक्याखाली दाबला जातो. गाठीपाशी पोचलात की ती चिमटीत उचलून कापून टाका.

यात नेहमी चुकतं ते वळणावर. रेषा वळते आणि मागचा दोरा सरळ राहतो, म्हणून टाके त्याच्या बाजूने जातात आणि तो धरलाच जात नाही. दर दोन टाक्यांनी रिंग उलटून पाहा. वळण जास्त असेल तर ही रीत सोडा.

*आ) लांबची गाठ.* गाठ तशीच वर, पण नक्षीबाहेर 8 ते 10 सेंमी लांब. ती रेषेवर नसावी. काम झालं की गाठ कापायची, मोकळं टोक सुईत ओवायचं आणि तयार टाक्यांमागून सरकवून पक्कं करायचं. धावदोरा, देठाचा टाका म्हणजे स्टेम स्टिच, आणि वळणाच्या वेली यांना हीच रीत लागू पडते. 8 सेंमीपेक्षा जवळ गाठ ठेवलीत तर नंतर ते टोक सुईत ओवताच येणार नाही.

*इ) दुमडीचा फास.* दोन, चार किंवा सहा पदरांनी काम असेल तर ही सगळ्यात स्वच्छ सुरुवात. दोन पदरांसाठी एकच पदर 90 सेंमी कापा, मधोमध दुमडा आणि दोन्ही कापलेली टोकं नेढ्यातून ओवा. दुसऱ्या टोकाला दुमडीचा फास राहतो. सुई मागून वर काढा, फास मागेच राहू द्या. पहिला टाका घालून सुई मागे नेली की ती त्या फासातून काढून हलके ओढा. संपलं. ना गाठ, ना टोक.

एक किंवा तीन पदरांना हे जमत नाही. छटा बदलणाऱ्या दोऱ्यालाही नको, कारण दुमडल्यावर दोन पदर वेगवेगळ्या रंगांचे शेजारी येतात. साखळी टाक्याने सुरुवात असेल तर आधी पहिल्या कडीच्या आत झाकला जाईल असा एक इवलासा टाका घ्या, त्यात फास अडकवा आणि मग साखळी सुरू करा.

*ई) दाण्याएवढे टाके.* भरून जाणाऱ्या पाकळीत किंवा पानात ही रीत वापरा. आकाराच्या आत एकेक मिलिमीटरचे दोन-तीन टाके घ्या आणि दुसरा-तिसरा टाका आधीच्या टाक्याच्या दोऱ्याला चिरून जाऊ द्या. शेपूट सुलट्या बाजूला, आकाराच्या आतच कापा. वरून भराव आला की सगळं झाकलं जातं आणि मागे शेपूट उरतच नाही. चंदेरीवर, महेश्वरीवर पहिली पसंती याच रीतीला द्यावी.

*तपासा:* पहिले तीन टाके झाल्यावर दोरा हलकेच ओढा. पहिला टाका सरकला तर तिथेच उसवून पुन्हा सुरुवात करा. पुढे जाऊन हे दुरुस्त होत नाही.

4. थांबायचं कधी

सुईत 10 सेंमी दोरा उरला की थांबायचं. "अजून दोन टाके निघतील" म्हणून ताणायचं नाही. टोक पक्कं करायला सुईची लांबी अधिक 4-5 सेंमी लागतातच. आणि हे काम कापड रिंगमध्ये असतानाच करा. रिंग काढल्यावर कापड सैल पडतं, ओढ किती बसली ते कळत नाही आणि फुलाभोवती सुरकुत्या येतात. दहा टोकं लोंबत ठेवून शेवटी एकदम बसणंही टाळा, नाहीतर नवीन दोरा त्यांच्यात अडकतच राहतो.

5. शेवट, टाक्याप्रमाणे

भरीव टाका, म्हणजे सॅटिन स्टिच. समजा पाकळी दीड सेंमी लांब आणि अर्धा सेंमी रुंद आहे. शेवटचा टाका मागे गेला की रिंग उलटी करा. मागेही दोऱ्यांची तशीच दाट रांग दिसेल. बोथट सुई त्या रांगेला आडवी धरून, पाकळीच्या लांबीने, दोऱ्यांखालून सुमारे 1 सेंमी सरकवा. सुईच्या पाठीला कापडाचा स्पर्श जाणवला पाहिजे, पण कापडात ती घुसता कामा नये. दोरा ओढून घ्या. आता परत फिरा. सुई जिथून बाहेर आली, तिथले शेवटचे दोन धागे सोडून, त्यांच्यावरून वळसा घेऊन ती पुन्हा आत घाला आणि उलट दिशेने 1 सेंमी न्या. त्या दोन धाग्यांवरचा वळसा हेच कुलूप आहे. नुसतं एका दिशेने सरकवलेलं टोक धुण्यात परतीच्या वाटेने निघून येतं, वळसा घेतलेलं येत नाही.

सहा पदरांनी भरलं असेल तर दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंमी. एकाच पाकळीमागे तीन-चार टोकं कोंबू नका, पुढून फुगवटा दिसतो. गडद दोऱ्याचं टोक फिक्या भरावाखाली कधीच नको. लाल देठाचं टोक पांढऱ्या पाकळीमागे गेलं की पाकळी कायमची गुलाबट दिसते.

बॅकस्टिच आणि देठाचा टाका. मागे एकामागे एक बारीक टाक्यांची ओळ असते. तिच्याखालून सरळ सुई नेली तर टोक धरत नाही. म्हणून प्रत्येक टाक्याभोवती दोरा गुंडाळत जा, पाच-सहा टाके, नेहमी एकाच बाजूने आत घालून. शेवटच्या टाक्यात सुई त्याच्या दोऱ्याला चिरून काढा. इथे टोकदार सुई लागते.

साखळी टाका. शेवटची कडी बाहेरून एका लहान टाक्याने आधी बांधा. ही बांधणी राहिली तर मागे कितीही पक्कं केलं तरी पूर्ण साखळी एका ओढीत उसवते, पोत्याच्या शिलाईसारखी. मग मागच्या पाच-सहा टाक्यांभोवती वरच्यासारखं गुंडाळा.

गाठीचा टाका, म्हणजे फ्रेंच नॉट. एकटी असेल तर मागे धरायला काहीच नसतं. नेमक्या तिच्याखाली कापडाचे एक-दोन धागे धरून दोन इवले टाके घ्या, दुसरा पहिल्याला चिरून. सुई सुलट्या बाजूला फुटणार नाही याकडे लक्ष द्या. दोन गाठींमध्ये 1 सेंमीपेक्षा जास्त अंतर असेल तर प्रत्येक गाठ स्वतंत्र संपवा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा इलाज नाही. लेझी डेझीच्या, म्हणजे एकेका सुट्या साखळी-कडीच्या, पाकळ्यांनाही हाच नियम.

*सावध:* मागे काम करताना सुई कापडातून पुढे गेली की सुलट्या बाजूला बारीक ठिपका उमटतो. प्रत्येक टोकानंतर रिंग सुलटी करून बघा.

6. ओळीच्या मध्येच दोरा संपला तर

साखळी टाक्यात जोड दिसतो, तो बहुतेकदा जुना दोरा आधी संपवून मग नवा सुरू केल्यामुळे. असं करा: जुन्या दोऱ्याने शेवटची कडी घालताना सुई त्याच छिद्रात खाली न्या, पण कडी वर सैलच ठेवा. नवा दोरा लांबच्या गाठीने लावून कडीच्या आतून वर काढा. आता मागून जुना दोरा ओढा. कडी नव्या दोऱ्याभोवती बेताने बसेल. ती इतर कड्यांएवढी झाली की थांबा आणि पुढची साखळी नव्या दोऱ्याने घाला. जुनं टोक त्यानंतर पक्कं करा.

काज टाक्यातही तेच. जुना दोरा कडेच्या फासाच्या पलीकडे खाली न्यायचा आणि नवा त्याच जागी, फासाच्या आतून वर काढायचा.

7. आरपार दिसणाऱ्या कापडावर

जाड सुती कापडावर एका बुट्ट्यातून दुसऱ्यात दोरा न्यायचा असेल तर 1 सेंमीपर्यंत चालतं. चंदेरीवर 5 मिमीसुद्धा दिसतात. तिथे बुट्टा संपला की दोरा संपवायचा, किंवा तयार टाक्यांच्या मागूनच वाट काढायची.

शॅडो वर्कमध्ये मागचे तिरके टाके पुढून सावलीसारखे दिसायला हवे असतात. टोक त्या सावलीतून आडवं गेलं की मधोमध काळपट रेघ उमटते. म्हणून ते फक्त कडेच्या टाक्यांभोवती, आकाराच्या हद्दीवरूनच गुंडाळायचं.

*तपासा:* काम खिडकीच्या काचेवर धरा, मागून ऊन येऊ द्या. जे दिसेल ते अंगावरही दिसणार आहे.

8. हट्टी दोरे आणि आरसे

रेयॉनचा चकचकीत दोरा गुळगुळीत असतो, सुती दोऱ्याच्या हिशेबाने पक्का केला तर सरकतोच. त्याला दुप्पट द्या: टाक्यांखालून एकूण 4 सेंमी, दोन वळसे, आणि शेवटी सुई त्याच्याच अंगातून चिरून. ओवण्याआधी ओल्या बोटांनी दोरा निरपून घेतला तर कुरळेपणा कमी होतो.

जाड जर कापडावर ठेवून दुसऱ्या दोऱ्याने टाचतात, तेव्हा तिची टोकं दोन्हीकडे 2 सेंमी सोडा. टाचून झाल्यावर मोठ्या नेढ्याच्या सुईने एकेक टोक मागे ओढा, टाचलेल्या ओळीखालीच दुमडा आणि टाचायच्याच दोऱ्याने तीन-चार टाक्यांत बांधा. पुढेच कापलेली जर विसकटते आणि अंगाला टोचते.

आरसेकामात एक सोय आहे: आरशाखाली काही दिसत नाही. चौकटीचा दोरा आरसा बसणार त्या जागेतच दाण्याएवढ्या टाक्यांनी सुरू करा. गाठ मात्र तिथेही नको, आरसा एका बाजूने उचलला जातो. आरशाची कड आधी बोटाने जपून चाचपा. धार लागत असेल तर बारीक सँडपेपरवर फिरवून घ्या, नाहीतर दोरा तिथेच कापला जातो आणि दोष टोकाला दिला जातो. शेवट मागे, कड्याच्या टाक्यांभोवती सहा वेळा गुंडाळून आणि एक टाका कापडात चिरून करा.

9. कापणं

शेपूट हलके वर ओढून धरा आणि कापडापासून 2-3 मिमी अंतरावर कापा. अगदी लगत कापलं की पहिल्याच धुण्यात टोक आत सरकून मग उसळून बाहेर येतं. कात्रीची टोकं कापडापासून वर असू द्या. गोंद, फेव्हिकॉल किंवा नेलपॉलिशचा थेंब लावू नका; जागा कडक होते, पुढे पिवळी पडते आणि त्यातून सुई जात नाही.

दोरा आखूड पडला, सुई आत सरकवायला जागाच नाही? मग रिकामी सुई आधी टाक्यांखालून सरकवा, नेढं शेपटाच्या जवळ बाहेर राहू द्या, आता दोरा नेढ्यात ओवा आणि सुई ओढून घ्या. 3 सेंमीचं टोकही असं वाचतं.

10. बाळाच्या कपड्यांसाठी वेगळा नियम

झबलं, टोपरं, कुंची, दुपटं यांच्यावर मागे एकही सुटा धागा किंवा लांब ओढलेला टाका राहता कामा नये. असा धागा तान्ह्या बाळाच्या हातापायाच्या बोटाला गुंडाळला जातो, आवळतो आणि रक्त अडतं. बाळ रडत राहतं आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. टोकं पक्की केल्यावर भरतकामाच्या मागे मऊ मलमलीचं अस्तर बारीक टाक्यांनी लावा, आणि प्रत्येक धुण्यानंतर आतून हात फिरवून पाहा.

11. आधीच सुटलेलं असेल तर

सुटलेलं टोक कापू नका आणि गाठही मारू नका. 3 सेंमी असेल तर रिकाम्या सुईची युक्ती करा. त्याहून कमी असेल तर मागून सुईच्या नेढ्याकडच्या बाजूने चार-पाच टाके उसवा, म्हणजे पुरेसा दोरा हाती येईल. तो पक्का करा आणि उसवलेली जागा त्याच रंगाच्या नव्या दोऱ्याने भरा. साखळी असेल तर आधी मोकळी झालेली कडी एका टाक्याने बांधा, मगच पुढचं.

धुताना कोमट पाण्यात भिजवा, पिळू नका, टॉवेलात दाबून पाणी काढा. इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून. पहिल्या धुण्यानंतर वाळलेल्या कापडाच्या मागच्या बाजूवरून नख हलकेच फिरवा. जिथे ते अडकेल, ते टोक अजून पक्कं झालेलं नाही.